हुशार मुलांच्या सायन्स शाळेत लॉटरीने प्रवेश देणं योग्य आहे का?

तुम्ही लिहिलंय की अमेरिकेत व्हर्जिनियातल्या थॉमस जेफरसन या हुशार मुलांच्या सायन्स शाळेने प्रवेश परीक्षा बंद करून लॉटरी आणली, आणि उद्या नागपुरात अकरावी सायन्सला तसंच झालं तर हुशार पोरांनी काय करायचं. आधी एक चूक काढतो. तिथे लॉटरी झालीच नाही. सप्टेंबर 2020 मध्ये तिथल्या शिक्षणाधिकाऱ्याने तसा प्रस्ताव ठेवला, पालक भडकले, स्कूल बोर्डाने तो मान्य केला नाही. परीक्षा आणि तिची शंभर डॉलर फी मात्र गेली आणि प्रत्येक मिडल स्कूलला आठवीच्या पटाच्या दीड टक्का जागा राखून मिळाल्या. त्यामुळे प्रवेश मिळालेल्यांत आशियाई मुलांचं प्रमाण साधारण 73 टक्क्यांवरून 54 वर आलं. पालक कोर्टात गेले, 2022 मध्ये जिंकले, 2023 मध्ये अपिलात हरले, आणि फेब्रुवारी 2024 मध्ये सुप्रीम कोर्टाने प्रकरण ऐकायलाच नकार दिला.

हे सगळं मला तोंडपाठ आहे ते माझ्या चुलतभावामुळे. दादा तिकडेच फेअरफॅक्स काउंटीत राहतो. त्या हिवाळ्यात आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दुसरा विषय नव्हता. एका सकाळी त्याचा मेसेज आला: "चिठ्ठीनं आलेली पोरं अख्खा वर्ग खाली ओढतात." ग्रुपवर आम्ही बावीस जण. मेसेज अमेरिकेबद्दल होता, पण तो कोणाला लागणार हे एकवीस जणांना कळलं आणि बाविसाव्याला लागला.

मी चिठ्ठीनं आलेलो आहे. साल 1994. दहावीला गणित-विज्ञान मिळून तीनशेपैकी 271. कॉलेजचं नाव सांगत नाही, पण तिथे अकरावी सायन्सला बायफोकल इलेक्ट्रॉनिक्सच्या, म्हणजे बायोलॉजी आणि दुसऱ्या भाषेच्या जागी इलेक्ट्रॉनिक्स घ्यायच्या, पन्नास जागा होत्या. ज्यांनी तेव्हाचं नागपूर पाहिलंय त्यांना बायफोकलचं वेड समजावून सांगायला नको. बायोलॉजीची कटकट नाही, दुसऱ्या भाषेची घोकंपट्टी नाही, आणि इंजिनिअरिंगचं दार तेव्हा बारावीच्या मार्कांवर उघडायचं. शेवटच्या दिवशी जागा उरली एक आणि 271 वाले आम्ही दोघं. एकूण मार्क काढले तर तेही सारखे. हेडक्लार्क म्हणाले, जन्मतारीख पाहू. प्राचार्य मॅडमनी चष्मा काढला. "आधी जन्मला म्हणून कोणी जास्त हुशार होतो का? चिठ्ठ्या टाका."

बाबूने एका जुन्या चलानाची कोरी बाजू पाहून दोन तुकडे फाडले. माझं आडनाव चुकवलं. वडिलांनी त्याही घाईत ते दुरुस्त करायला लावलं. घड्या सारख्या दिसाव्यात म्हणून त्याने दोन्ही पट्टीखाली दाबल्या. शिपाईकाकांच्या जेवणाच्या डब्याचं झाकण आणलं, त्याला अजून फोडणीचा वास होता. चिठ्ठी उचलताना काकांनी डोळे मिटले; तसं करायला त्यांना कोणी सांगितलं नव्हतं.

माझं नाव निघालं. वडील फीच्या नोटा मोजायला लागले आणि दोनदा चुकले. त्या दुसऱ्या मुलाचे वडील एवढंच म्हणाले, "चाल बे, पाणी येऊन राह्यलं." पोट्ट्याने फाइल शर्टाच्या आत खोचली, कॅरिअरवर बसला, गेले. मला त्याचं नाव आजही आठवतं. झाकणात उरलेली चिठ्ठी मी उघडून पाहिली होती.

आता मोठे बाबा. म्हणजे दादाचे वडील. दादा त्याच कॉलेजात दोन वर्षं आधी मेरिटने लागलेला, त्यामुळे माझं नाव "चिठ्ठीवाला" पडलं ते कायमचं. मुंज असो, लग्न असो, "हा आमचा चिठ्ठीवाला." मी बारावीला चांगले मार्क घेतले तेव्हा म्हणाले, "यंदा पेपरच सोपे होते म्हन्तेत." हे सगळं ज्या घरात बसून म्हणतात ते घर त्यांना म्हाडाच्या सोडतीत लागलंय. त्या दिवशी पेढे वाटले होते. आणि दादा, हे वाचत असशील तर, तुझे 272 होते. त्यातला एक गुणपडताळणीत वाढलेला.

माझं मत साधं आहे. कट-ऑफच्या आसपास जी पोरं असतात त्यांच्यात फरक नसतोच, तो आपण ओढूनताणून काढतो. 2020 च्या नीटमध्ये दोघांना 720 पैकी 720 होते. वयाने मोठा म्हणून मुलगा पहिला आणि मुलगी दुसरी. जन्मतारीख म्हणजे आईबापांनी अठरा वर्षं आधी काढून ठेवलेली चिठ्ठीच की! नेदरलँड्समध्ये 1970 च्या दशकापासून कित्येक वर्षं मेडिकलच्या जागा सोडतीने वाटत. ज्याचे मार्क जास्त त्याची नाव निघण्याची संधी जास्त, एवढाच फरक. तिथले डॉक्टर काही बिघडले नाहीत. आणि एका मार्काने हुकलेला पोरगा "मी कमी पडलो" म्हणत म्हातारा होतो. चिठ्ठीने हुकलेल्याला घरी जाऊन "चिठ्ठी निघाली नाही" एवढंच सांगायचं असतं.

आता माझ्याच विरुद्ध जाणारं एक सांगून टाकतो, नाहीतर दादा खाली कमेंटमध्ये टाकेल. खरी लॉटरी सॅन फ्रान्सिस्कोच्या लोवेल हायस्कूलने केली. 2021 मध्ये आलेल्या त्या बॅचच्या जवळपास चौथाई मुलांना पहिल्याच सत्रात किमान एका विषयात डी किंवा एफ, म्हणजे काठावरची किंवा नापासाची श्रेणी, मिळाली. आधीच्या वर्षी हे प्रमाण आठ टक्क्यांच्या आसपास होतं. कोरोनात घरी बसून आलेली पोरं होती हे खरं, पण सगळं कोरोनावर ढकलता येत नाही. तिथे बोर्डाच्या तीन सदस्यांना मतदारांनी घरी पाठवलं आणि मार्कांवरचा प्रवेश परत आला. तेव्हा खालची रेषा हवीच. ती ओलांडलेल्यांत चिठ्ठी टाका, सरसकट नको. माझे 271 होते, 171 नव्हते.

नागपूरचं विचारलंत तर लॉटरी कशावर काढणार? अर्धी सायन्सची पोरं "इंटिग्रेटेड"मध्ये आहेत. नाव कॉलेजात, बूड ट्यूशनमध्ये, कॉलेज पाहायचं ते प्रॅक्टिकलला. अशा कॉलेजात मेरिटने गेलं काय आणि चिठ्ठीने गेलं काय.

तुमची मुलगी यंदा दहावीत आहे म्हणता, तर अकरावीच्या ऑनलाइन अर्जात दहा पसंती देता येतात, दहाही भरा. पहिली पसंती मात्र विचार करून टाका, ती लागली की प्रवेश घ्यावाच लागतो. आणि फॉर्मवर आडनाव तपासून घ्या.