दुबईचा फ्लॅट आणि टोकनची घाई

प्रश्न: पुण्यात एका हॉटेलात दुबईच्या फ्लॅटचं प्रदर्शन होतं. एजंट म्हणतो आजच २ लाख टोकन माझ्या खात्यावर जीपे करा, ८ टक्के भाडं गॅरंटीड. देऊ का?

उत्तर: अजिबात नको हो! दुबईत २००७ पासून कायदाच आहे, बांधकाम चालू असलेल्या फ्लॅटचे पैसे त्या प्रोजेक्टच्या एस्क्रो खात्यातच (म्हणजे फक्त त्याच बांधकामासाठी राखून ठेवलेलं बँक खातं) जायला हवेत, एजंटच्या खात्यात टाकलेत की गेले समजा. दुबईच्या सरकारी जमीन खात्याच्या 'दुबई रेस्ट' ॲपवर प्रोजेक्ट नि ब्रोकर दोन्ही रजिस्टर्ड आहेत का बघा, फुकट आहे. भाड्याची गॅरंटी तर बहुतेकदा किमतीतच घातलेली असते, म्हणजे तुमचेच पैसे तुम्हाला परत. आणि पैसे बँकेतूनच पाठवायचे, एलआरएस, म्हणजे परदेशी पैसे पाठवायच्या रिझर्व्ह बँकेच्या योजनेखाली वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत चालतं, 'कॅश द्या, तिकडे मिळतील' म्हणाला तर सरळ उठून या, चहा पिऊन.