त्या सोळा अक्षरी स्नायूचं नाव कुठे तोडायचं?

‘लिव्हेटर लॅबिआय सुपीरिऑरिस अलीक्वी नेझाय’ हे चेहऱ्यावरच्या स्नायूचं लॅटिन नाव म्हणायचं कसं आणि त्याचा अर्थ काय, असं तुम्ही विचारलंय. फिजिओथेरपीच्या पहिल्या वर्षी तोंडी परीक्षेत मीही इथेच आपटले होते. चौथ्या शब्दाचं मी ‘अले क्यू’ केलं. परीक्षक म्हणाले, “रांग कुठे लागलीय?”

म्हणून आधी तोच शब्द घेऊ. मुळात तो ‘आलाए’ अधिक ‘क्वे’. ‘आला’ म्हणजे पंख, ‘आलाए’ त्याची षष्ठी. इथे पंख म्हणजे नाकपुडीची बाहेरची फुगीर बाजू. आणि क्वे म्हणजे चक्क ‘आणि’! लॅटिनमध्ये हा दोन शब्दांच्या मधे न बसता दुसऱ्याच्या शेपटीला चिकटतो. शाळेत संस्कृत घेतलं असेल तर ‘रामो लक्ष्मणश्च’ आठवा. तो ‘च’ आणि हा ‘क्वे’ एकाच मुळातून आलेत. हे कळल्यापासून माझी जीभ तिथे अडखळलेली नाही.

बाकीचे शब्द गरीब आहेत. लेवातोर म्हणजे उचलणारा, लबिई ओठाचा, सुपेरिओरिस वरच्या, नासी नाकाच्या. सुपेरिओरिसमधला ‘सुपेर’ आपल्या ‘उपरि’चा भाऊबंद, नासीचं नातं ‘नासे’शी. एकूण काय, वरचा ओठ आणि नाकाचा पंख उचलणारा.

मूळ लॅटिन उच्चार असा: ले-वा-तोर, ल-बि-ई, सु-पे-रि-ओ-रिस, आ-लाए-क्वे, ना-सी. जोर अनुक्रमे वा, ल, ओ, लाए, ना यांवर. आपल्या कॉलेजांत मात्र इंग्रजी वळणाचा, तुम्ही लिहिलाय तोच चालतो. परीक्षेत तोच म्हणा, विद्वत्ता घरी ठेवा.

फक्त घाईत शेवटचे दोन शब्द गाळू नका. ते गाळले की स्नायूच बदलतो: शेजारीच नुसता ‘लिव्हेटर लॅबिआय सुपीरिऑरिस’ वेगळा आहे आणि तो नाकपुडीला हात लावत नाही, फक्त ओठ उचलतो.

आपला हा स्नायू बघायचा असेल तर नाकाच्या कडेला बोट टेकवा आणि आरशात बघत नाक मुरडा. बोटाखाली काहीतरी आवळलेलं लागेल, नाकपुडी आणि ओठ दोन्ही वर सरकतील. चेहऱ्याचा लकवा झालेला पेशंट आला की मी “नासक्या दुधाचा वास आल्यासारखं करा” म्हणते. एक बाजू लगेच मुरडते, दुसरी तशीच सपाट राहते.