साबणाने अंघोळ केल्यावर अंग ओढल्यासारखं का होतं? साबणाच्या पीएचचा काही संबंध आहे का?

हो, थेट संबंध आहे. पीएच म्हणजे आम्लता मोजण्याचा आकडा: 7 च्या खाली आम्लधर्मी, वर अल्कधर्मी. निरोगी त्वचेचा वरचा थर किंचित आम्लधर्मी असतो, पीएच साधारण 4.5 ते 5.5. नेहमीच्या साबणाच्या वडीचा मात्र 9 ते 10. अंघोळीनंतर त्वचेचा पीएच वर चढतो आणि पूर्ववत व्हायला काही तास लागू शकतात.

त्वचेतली सेरामाइड नावाची स्निग्ध द्रव्यं पेशींमधल्या फटी बुजवतात, विटांमधल्या चुन्यासारखी. ती तयार करणारी एन्झाइम्स आम्लधर्मी वातावरणातच नीट चालतात. पीएच वाढला की ती मंदावतात, आणि पेशींना जोडणारे दुवे तोडणारी एन्झाइम्स जोर धरतात. शिवाय साबण अंगचं तेलही धुऊन नेतो. मग ओलावा उडतो, त्वचा ओढते, खाज सुटते.

धडधाकट त्वचा हे सोसते. पण एक्झिमा असलेल्यांना आणि तान्ह्या बाळांना रोज साबण फासू नका, ही कळकळीची विनंती. त्यांच्यासाठी 5.5 च्या आसपास पीएच असलेली सिंडेट वडी (साबणाऐवजी कृत्रिम क्षालकांपासून बनवलेली) घ्या आणि अंग ओलसर असतानाच मॉइश्चरायझर लावा.

वेष्टनावरचा 'टीएफएम 76 टक्के' हा आकडा साबणातल्या स्निग्धाम्लांचा असतो. त्यावरून पीएच कळत नाही.