वाचक विचारतात : पन्नास रुपयांची सायकल राईड

प्रश्न : आमचा सकाळी निघणारा पंचवीस-तीस जणांचा सायकल ग्रुप आहे. बाहेरगावच्या इव्हेंटला दीड-दोन हजार फी, वर गाडीभाडे आणि मुक्काम. बदल्यात टी-शर्ट आणि पदक. साताऱ्यातच स्वस्तात, पण रोजच्या फेरीपेक्षा वेगळे काही करता येईल का?
– एक वाचक, शाहूपुरी, सातारा

उत्तर : येईल. ब्रिटनमधले सायकल क्लब रेसचा मोसम सुरू होण्याआधी, साधारण जानेवारी ते मार्च, ‘रिलायबिलिटी राईड’ घेतात. अंतर ठरलेले, वेळ ठरलेली, तेवढ्यात पोहोचायचे. पाठीवर नंबर नाहीत, वेळ मोजणारी चिप नाही, कमान नाही. फी नाममात्र, शेवटी चहा-केक. रस्ता आपण शोधायचा, पंक्चर आपणच काढायचे. माणसे तुमच्याकडे आहेतच, रस्त्याची एक चिठ्ठी आणि एक घड्याळ तेवढे लागेल.

पहिल्या वेळी कासचा मोह टाळा. त्या वाटेवरचा यवतेश्वरचा घाट गाव सोडताच सुरू होतो. तयारीचे आणि नवखे तिथेच फाकतात आणि पुन्हा एकत्र येत नाहीत. त्यापेक्षा सातारा–कोरेगाव–रहिमतपूर–सातारा ही फेरी घ्या. अंतर साठ किलोमीटरच्या आसपास भरते. आपल्या सुरुवातीच्या ठिकाणापासून आधी एकदा सायकलवरच मोजून या. नकाशावरचे अंतर आणि रस्त्यावरचे अंतर यांचे पटेलच असे नाही.

दोन गट करा : साठ किलोमीटर चार तासांत आणि तीन तासांत. सावकाश गट सात वाजता सोडा, वेगवान पावणेआठला. म्हणजे अकराच्या सुमारास सगळे एकाच चहाला भेटतात आणि कुणी कुणाची वाट बघत ताटकळत नाही. एका घोळक्यात आठपेक्षा जास्त नकोत. अरुंद रस्त्यावर बारा जणांची रांग ओलांडताना एसटीचा ड्रायव्हरही वैतागतो.

चिठ्ठीवर सुरुवातीपासूनचे एकूण अंतर, वळण आणि खूण, एवढेच लिहा : ‘१८.४ – तिठा – उजवीकडे – समोर पेट्रोल पंप’ अशा नमुन्यात. चुकीच्या वळणावर गेलेल्याला ते लगेच कळावे म्हणून वळणानंतरचीही एक खूण द्या. पूर्ण रस्ता केला का हे बघायला वाटेत माणूस उभा करायचा नसेल तर चिठ्ठीत एक प्रश्न घाला : अमुक ठिकाणच्या किलोमीटरच्या दगडावर काय लिहिले आहे? प्रश्न आदल्या संध्याकाळी ठरवा, नाहीतर उत्तर व्हॉट्सअॅपवर आधीच फिरते.

हिशोब तीस जणांचा, पन्नास रुपयांप्रमाणे १५०० रुपये. नाश्ता २० रुपये धरला तर ६००, चहा ३००, पाच डझन केळी २५०, झेरॉक्स १२०. उरलेले २३० प्रथमोपचाराच्या पेटीला. टी-शर्टचा विषय निघाला की तो तिथेच मिटवा. सगळे बजेट तोच खातो.

आलेल्यांची क्रमवारी लावू नका, ग्रुपवरही टाकू नका. पुढच्या वेळी लोक रेस म्हणूनच येतील, आणि रहदारीच्या रस्त्यावर रेस म्हटली की परवानग्यांचा प्रश्न येतो. वेळेत आला की नाही, एवढीच नोंद ठेवा. राईडची लेखी कल्पना मात्र पोलीस ठाण्यात जरूर द्या.

प्रश्न : माझ्या अॅपवर सरासरी ताशी २२ किलोमीटर आली, तरी साठ किलोमीटरला तीन तासांच्या वर वेळ लागला. अॅप चुकते का?
– एक वाचक, कोरेगाव

उत्तर : अॅप बरोबर आहे; तुम्ही बघता तो आकडा चाक फिरत असतानाचा. २२ च्या वेगाने साठ किलोमीटरला २ तास ४४ मिनिटे जातात. थांबायला उरतात जेमतेम १६. एक चहा बारा मिनिटांचा आणि एक पंक्चर दहाचे, की गणित संपले. थांबण्यासाठी २५ मिनिटे हवी असतील तर चालता वेग २३ च्या वर हवा. अॅपमध्ये एकूण गेलेला वेळ दाखवणारा रकाना असतो, तो समोर ठेवा.

आणखी वेळ जातो तो घोळक्यात पुढे असलेल्या माणसामुळे. निघताना अंगात जोर असतो, तो २८ ने ओढतो; मागचा शेवटचा वीस मिनिटांत सुटतो आणि मग सगळे त्याच्यासाठी थांबतात. पुढे दोन-तीन मिनिटेच राहा. मागे वळून बघा, थोडे उजवीकडे सरका, पायडल हलके करा आणि बाकीच्यांना डावीकडून जाऊ द्या. नवा पुढारी हमखास वेग वाढवतो. त्याने मीटरवर आधीचाच आकडा टिकवायचा.

प्रश्न : डिसेंबरपासून एकाच चाकाला चार पंक्चर झाले. टायर बदलू का?
– एक वाचक, रहिमतपूर

उत्तर : आधी काटा शोधा. ऊसतोडीच्या दिवसांत दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर आला की आपण साईडपट्टीवर उतरतो, आणि बाभळीचे काटे, सराटे सगळे तिथेच असतात. काट्याचे बूड मोडते, टोक टायरमध्ये राहते आणि नवी ट्यूब दोन दिवसांत बसते.

ट्यूब काढण्यापूर्वी व्हॉल्व्हसमोर टायरवर खडूची खूण करा. ट्यूबमध्ये हवा भरून भोक शोधा, व्हॉल्व्ह खुणेशी जुळवा; काटा टायरच्या त्याच जागी सापडतो. दिसत नसेल तर आतून कापूस फिरवा, तंतू अडकतो तिथे टोक आहे. बोटाने शोधू नका. टोक आतून बाहेर ढकला, मग पक्कडीने ओढा.

दोन भोके शेजारीशेजारी असतील तर काटा नाही. हवा कमी होती आणि खड्ड्यात रिमने ट्यूब चिमटली. भोक स्पोकच्या बाजूला असेल तर रिमची पट्टी सरकली आहे. पॅच लावताना सोल्युशन ओले असतानाच दाबणे ही नेहमीची चूक. पातळ थर द्या, बोटाला चिकटेनासा होईपर्यंत थांबा, मग दाबा. राईडमध्ये ट्यूब बदला, पॅच घरी लावा.

प्रश्न : साठ किलोमीटरच्या अशा राईडला गिअर नसलेली सायकल चालेल का? आणि तिच्यातून २०० किलोमीटरच्या ब्रेव्हेची तयारी होते का?
– एक वाचक, कराड

उत्तर : चार तासांच्या गटात चालेल, ब्रेक दोन्ही लागले पाहिजेत आणि मागे लाल दिवा हवा. ब्रेव्हे म्हणजे ठरल्या मुदतीत पुरी करायची लांब पल्ल्याची राईड. २०० किलोमीटरला तिची मुदत साडेतेरा तास, म्हणजे थांबे धरून ताशी १५ हून किंचित कमी. चार तासांत साठ म्हणजे तोच वेग. या वेगात सलग तीन-चार रविवार वेळेत आलात की अंतर शंभरवर न्या, आणि वेळ द्या पावणेसात तास.