पाय दुखत नाहीत, म्हणून सोडून द्यायचं का?

वडिलांच्या पावलांवर संध्याकाळी सूज दिसते, बोटांवरचे केसही गेलेत, पण दुखत काहीच नाही. तेव्हा वयोमानाचं म्हणून सोडून द्यावं का, असं तुम्ही विचारलंय. सोडू नका. मी डॉक्टर नाही, १५ वर्षांचा मधुमेही आहे, आणि 'दुखत नाही' यावरचा माझा विश्वास कधीच उडालाय.

आधी सूज. एका पायाला आहे की दोन्ही? दोन्हींना सारखी असेल आणि नडगीवर अंगठा दाबून ठेवल्यावर खळगा राहत असेल, तर हृदय, मूत्रपिंड, यकृत तपासून घ्यावं लागतं. कधी दोष पायातल्या शिरांच्या झडपांचा असतो. वडील रक्तदाबासाठी अ‍ॅम्लोडिपिन घेतात का, तेही बघा; त्या गोळीने पाय सुजणं नेहमीचंच आहे. (गोळी मात्र आपल्या मनाने बंद करू नका.) पण एकच पाय अचानक सुजला, पोटरी दुखायला लागली, तर सकाळची वाट पाहू नका. शिरेत गुठळी झालेली असू शकते, आणि ती सुटून फुप्फुसात गेली तर जिवावर बेततं.

केस वयानेही जातात. मात्र जोडीला कातडी चकचकीत, पाऊल गार, आणि चालताना पोटरीत येणारे गोळे थांबल्यावर जात असतील, तर पायाच्या धमन्या अरुंद झाल्याची शंका घ्यावी. घोट्याच्या रक्तदाबाला दंडाच्या रक्तदाबाने भागतात, उत्तर ०.९ किंवा कमी आलं तर रक्त नीट पोचत नाही. मधुमेहात धमन्या कडक होऊन हा आकडा उगाच चांगला दिसू शकतो. पायाच्या धमन्या अशा असल्या, तर हृदयाच्याही तपासायला हव्यात.

आता न दुखण्याचं. एकदा दिवसभर बूट घालून हिंडलो. रात्री मोजा काढला तर तळव्याला रक्त! बुटात खडा होता आणि मला पत्ता नाही. नंतर डॉक्टरांनी डोळे मिटायला सांगून १० ग्रॅम दाबाचा नायलॉनचा धागा तळव्याला ठिकठिकाणी टेकवला, आणि मी आपला तो कधी टेकवतायत याची वाट बघत बसलेलो. साखरेने मज्जातंतू असे गुपचूप जातात. बी-१२ जीवनसत्त्व कमी असलं तरी मुंग्या, बधिरपणा येतो, आणि मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी वर्षानुवर्षं घेणाऱ्यांत ते कमी होऊ शकतं. मधुमेह्याचं एकच पाऊल लाल, गरम, सुजलेलं आणि तरी फारसं न दुखणारं असेल, तर आतली हाडं ढासळत असू शकतात. त्यावर भार न देता लगेच दाखवायचं.

मध्यरात्री अंगठ्याच्या सांध्यात भयंकर कळ आली तर रक्तात वाढलेलं युरिक अ‍ॅसिड आठवावं. मार न लागता नखाखाली काळी रेघ उमटली, तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावं.

आज वडिलांची दोन्ही पावलं उजेडात शेजारी ठेवून बघा, बोटांच्या बेचक्यांसकट. आणि त्यांची साखर शेवटची कधी तपासली होती, ते सांगा.