पहिल्यांदाच दोघंच बोटीवर रात्र काढणार आहोत, कशाकशाची तयारी हवी?

तुम्ही लिहिलंय की केबिनवाली २६ फुटी मोटरबोट नुकतीच घेतली, आजवर दर वेळी कोणीतरी जाणकार सोबत होता आणि या शनिवार-रविवारी नवरा-बायको दोघंच एका खाडीत नांगर टाकून मुक्काम करणार आहात. इंजिन पेट्रोलचं की डिझेलचं ते लिहिलेलं नाही, म्हणून दोन्हींचं सांगतो.

आधी अंतर. दोन, फार तर अडीच तासांचा पल्ला ठेवा आणि अंधार पडायच्या निदान दोन तास आधी पोहोचा. नांगर पहिल्याच खेपेला बसेल असं नाही, दुसऱ्या-तिसऱ्या प्रयत्नाला उजेड लागतो. इंधनाचे तीन भाग धरा: एक जायला, एक यायला, एक हात न लावायला. टाकीच्या काट्यावर भिस्त ठेवू नका, बोट डुलते तसा तोही डुलतो. इंजिन किती तास चाललं आणि ताशी किती लिटर पितं, याचा हिशेब वहीत ठेवा. निघताना किनाऱ्यावरच्या एका माणसाला मार्ग, मुक्कामाची जागा आणि किती वाजेपर्यंत फोन आला नाही तर मदत मागवायची, हे लिहून द्या.

इंजिन बोटीच्या आत असेल आणि पेट्रोलवर चालत असेल, तर चावी फिरवण्याआधी ब्लोअर (इंजिनाच्या कप्प्यातली हवा बाहेर फेकणारा पंखा) किमान ४ मिनिटं चालवा आणि झाकण उघडून नाकाने वास घ्या. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, ती तळाशी साचते आणि स्टार्टरच्या एका ठिणगीची वाट बघते. डिझेलला ही भानगड नाही. थंड करणाऱ्या पाण्याचा व्हॉल्व्ह उघडा आहे का आणि इंजिन सुरू झाल्यावर मागून पाणी बाहेर पडतंय का, हे मात्र दोन्हींत बघायचं. पडत नसेल तर लगेच बंद करा. पंपातलं रबरी इम्पेलर, म्हणजे पाणी ढकलणारं पात्यांचं चाक, पाण्यावरच थंड राहतं, कोरडं फिरलं तर मिनिटाभरात त्याच्या पात्या तुटू शकतात आणि तुकडे पुढे नळीत अडकतात. जादा इम्पेलर, पट्टा आणि दोन इंधन फिल्टर सोबत हवेतच. बोट जुनी घेतली असेल तर फिल्टर जास्तच महत्त्वाचा: पहिल्या लाटांनी टाकीच्या तळाचा गाळ ढवळतो, फिल्टर तुंबतो, इंजिनाचे फेरे कमी होत जातात आणि मग ते गप्प होतं. फिल्टर धक्क्यावरच एकदा बदलून बघा, म्हणजे पाना कोणता लागतो ते कळेल.

धक्का सोडताना कोणता दोर आधी, कोणता शेवटी, हे इंजिन सुरू करण्यापूर्वी ठरवा. एकमेकांवर ओरडण्यापेक्षा हाताच्या चार खुणा बऱ्या. बोट आणि धक्का यांच्यामध्ये हात-पाय कधीच घालायचा नाही. घासली तर घासली, रंग पुन्हा देता येतो.

आता नांगर, कारण रात्रीची झोप त्याच्यावर. खोली मोजताना भरतीची वाढ आणि नाळेची, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाची, पाण्यापासूनची उंची त्यात मिळवायची. आत्ता पाणी ४ मीटर, भरतीला आणखी २ चढणार, नाळ १ मीटर वर: झाले ७. नांगराला पूर्ण साखळी असेल तर त्याच्या पाचपट म्हणजे ३५ मीटर सोडा; थोडी साखळी आणि बाकी दोर असेल तर सातपट, ४९ मीटर. ओढ आडवी राहिली तर नांगर रुततो, वरच्या दिशेने बसली की उपटतो. सगळं गणित एवढ्यासाठीच. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात भरती जास्त चढते, आणि ओहोटीला बोट टेकणार नाही हेही त्याच वेळी बघून घ्या.

नाळ वाऱ्याकडे करून बोट पूर्ण थांबवा. ती मागे सरकू लागली की नांगर सावकाश सोडा. एकदम फेकला तर साखळीचा ढीग नांगरावरच पडतो आणि गुंततो. लांबी पूर्ण सुटली की रिव्हर्स हळूहळू वाढवत न्या, आणि नाळेवरच्याने साखळीवर तळहात ठेवावा. थरथर, खडखड जाणवली तर नांगर फरफटतोय. साखळी ताठ आणि शांत असेल तर तो बसलाय. मग काठावरच्या दोन वस्तू एका रेषेत धरा, समजा झाड आणि त्यामागचा खांब. रेषा मोडत गेली तर नांगर उचलून पुन्हा टाका. फोनवरचा नांगर-अलार्म (बोट ठरल्या जागेपासून सरकली की वाजणारा) नांगर तळाला लागतो त्या क्षणी लावायचा. नंतर बोटीच्या जागेवरून लावला तर वारा फिरला की उगाच वाजत राहतो. साखळीचं आतलं टोक बोटीला बांधलेलं आहे ना, हे आजच बघा.

रात्री सूर्यास्तापासून नांगराचा पांढरा दिवा लावा. लेड-ॲसिड बॅटरी १०० अँपिअर-तासांची असली तरी त्यातले ५०च वापरायचे, आणि इंजिन सुरू करायची बॅटरी फ्रिजपासून वेगळी ठेवा. केबिन बंद करून इंजिन, जनरेटर किंवा शेगडी चालवू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, अलार्म हवाच.

राहिला सगळ्यात अवघड भाग. दोघांतला एक पाण्यात पडला की बोटीवर एकटाच उरतो, आणि त्याने सुकाणूला कधी हातच लावलेला नसेल तर काय होईल ते सांगायला नको. म्हणून जाताना एकाने चालवा, येताना दुसऱ्याने. वाटेत एक फेंडर (बोट धक्क्याला घासू नये म्हणून कडेला लटकवायची उशी) पाण्यात टाकून दोघांनीही आळीपाळीने तो उचलून बघा. जवळ पोहोचताच इंजिन न्यूट्रलला. भिजलेल्या कपड्यांतला माणूस एकट्याने ओढून घेणं जवळपास अशक्य असतं, त्यामुळे पाण्यातूनही उघडता येईल अशी शिडी हवी. जॅकेट घालूनच डेकवर जायचं. संकटात व्हीएचएफच्या, म्हणजे बोटीवरच्या रेडिओच्या, चॅनल १६ वर काय बोलायचं तो कागद रेडिओशेजारी चिकटवा: 'मेडे' तीनदा, बोटीचं नाव तीनदा, जागा, काय झालं, माणसं किती.

सकाळी नांगर उचलताना विंचने (साखळी गुंडाळणाऱ्या मोटरच्या चरकाने) बोट ओढू नका, मोटर जळेल. इंजिनाने हळू पुढे या आणि ढिली पडेल तेवढीच साखळी गोळा करा. ती उभी झाली की अडकवून थांबा, लाटेसरशी बोट वर उचलली जाते आणि नांगर आपसूक सुटतो. चिखल धुवायला बादली नाळेवर आधीच ठेवा.