रिस्क-फाइव्ह बोर्डवर डेटाबेस कंपाइल करताना लिंकर अडतो, काय करावं?

लॅपटॉपवर विनातक्रार बिल्ड होणारा मारियाडीबी हा डेटाबेस तुमच्या कॉलेज प्रोजेक्टच्या रिस्क-फाइव्ह बोर्डवर (म्हणजे इंटेलहून वेगळ्या रचनेच्या प्रोसेसरवर) अगदी शेवटी, लिंक होताना, म्हणजे कंपाइल झालेले तुकडे एकत्र जोडताना, ‘अनडिफाइन्ड रेफरन्स टु अ‍ॅटॉमिक कम्पेअर एक्स्चेंज वन’ म्हणून अडतो, असं तुम्ही लिहिलंय. मी हिंजवडीत डेटाबेस पोर्टिंगचंच, म्हणजे ते दुसऱ्या प्रोसेसरांवर चालते करण्याचंच, काम करतो. ही एरर चांगलीच ओळखीची आहे.

एररमधलं ‘अ‍ॅटॉमिक’ म्हणजे मध्ये कुणी न घुसता एका दमात होणारी मेमरीतली क्रिया, आणि शेवटचा ‘वन’ म्हणजे एक बाइट. रिस्क-फाइव्हच्या मूळ अ‍ॅटॉमिक सूचना चार आणि आठ बाइटांच्या. त्याहून लहानांसाठी जीसीसी हा कंपायलर १२व्या आवृत्तीपर्यंत लिब-अ‍ॅटॉमिक या लायब्ररीतलं फंक्शन बोलावतो. १३ पासून तो कोड जागेवरच तयार करतो. म्हणजे कंपायलर नवा घ्या, नाहीतर ती लायब्ररी जोडा. जोडताना ती ऑब्जेक्ट फाइलींच्या नंतर यायला हवी. एलडीफ्लॅग्ज या लिंकरच्या पर्यायांत टाकली तर बहुधा आधी येते, आणि तोवर कुणालाच तिची गरज नसल्याने उबंटूवर लिंकर ती सोडून देतो. सीमेक या बिल्डच्या साधनात ‘स्टँडर्ड लायब्ररीज’चं व्हेरिएबल वापरा, पोस्टग्रेस या डेटाबेससारखी ‘कॉन्फिगर’ स्क्रिप्ट असेल तर ‘लिब्ज’.

कोडमध्ये ‘रिस्क-फाइव्ह असेल तर’ अशी अट मात्र कृपया घालू नका. एक आणि आठ बाइटांचं अ‍ॅटॉमिक वापरणारा छोटा प्रोग्रॅम लिंक होतो का, हे बिल्डलाच तपासू द्या. तोच पॅच (कोडमधला बदल) मग ३२-बिट मिप्स प्रोसेसरवरही उपयोगी पडतो, तिथे आठ बाइट अडतात.

लिंक झाल्यावर टेस्ट चालवल्याशिवाय डेटा भरू नका. सीमधला साधा कॅरेक्टर टाइप इंटेलवर साइन्ड (उणे आकडेही धरणारा) असतो, रिस्क-फाइव्हवर अनसाइन्ड. फाइलमधलं पुढचं अक्षर देणाऱ्या ‘गेटसी’चं उत्तर कुणी त्यात ठेवलं असेल, तर फाइल संपल्याची खूण, उणे एक, तिथे २५५ होते आणि लूप थांबतच नाही. याहून वाईट म्हणजे गुपचूप बिघडणारा क्रम. पोस्टग्रेसच्या पीजी-ट्रायग्रॅम या, तीन-तीन अक्षरांच्या तुकड्यांवरून मजकूर शोधणाऱ्या, इंडेक्समध्ये तो याच कारणाने इंटेल आणि आर्मवर वेगळा लागत असे. नुसत्या इंग्रजी अक्षरांत ते दिसत नाही, मराठी मजकुरात दिसू शकतं. पोस्टग्रेसच्या १८व्या आवृत्तीपासून डेटाबेसच्या कंट्रोल फाइलमध्ये साइन्ड की अनसाइन्ड याची नोंद असते. लॅपटॉपवरच जीसीसीला ‘अनसाइन्ड कॅर’चा पर्याय देऊन सगळ्या टेस्ट चालवा, असे बरेच दोष बोर्डाशिवाय सापडतात.

पॅच मूळ प्रकल्पाकडे नक्की पाठवा. स्पार्क किंवा पॉवर प्रोसेसरचं मशीन पुण्यात तपकीर गल्लीतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत मिळणार नाही, पण मुक्त सॉफ्टवेअरवर काम करणाऱ्यांना जीसीसी कंपाइल फार्मवर (नाना प्रोसेसरांच्या सामाईक मशीनवर) फुकट खातं मिळतं. पाठवण्याआधी तिथे एकदा बिल्ड करून बघा.